भरीत पार्टी

भरीत पार्टी हे खान्देशात हिवाळ्यात होणाऱ्या एका सामुदायिक भोजनाचे रूढ नाव आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत मित्रमंडळी, नातेवाईक, शेजारी किंवा एकाच कार्यालयातील सहकारी सुट्टीच्या दिवशी शेतात अथवा मळ्यात जमतात. तेथे ते मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून त्यांचे भरीत करतात आणि कळण्याची भाकरी किंवा पुरी यांच्याबरोबर पंगतीने खातात. हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा असून डिसेंबर व जानेवारीत या भोजनांना भर येतो.

भरीत हा पदार्थ महाराष्ट्रभर केला जातो. मात्र त्याच्याभोवती भोजनाचा स्वतंत्र प्रसंग उभा राहिलेला खान्देशातच प्रामुख्याने दिसतो. या प्रसंगात जेवणाइतकेच महत्त्व जेवण सिद्ध करण्याच्या सामायिक कामाला असते. अलीकडच्या काळात शहरांतील भरीत केंद्रे, उपाहारगृहे व महामार्गांवरील ढाबे यांमुळे भरीत पार्टीचे शहरी रूपही प्रचारात आले आहे.

नाव आणि व्याप्ती

‘पार्टी’ हा इंग्रजीतून आलेला शब्द असून तो मराठीत आता पूर्णपणे रुळला आहे. शेतात जाऊन जेवण करण्याच्या जुन्या प्रथेला ‘वनभोजन’ हा शब्द मराठीत आहेच. पण खान्देशी बोलण्यात ‘भरिताची पार्टी’ किंवा नुसते ‘भरीत’ एवढे म्हटले तरी अर्थ स्पष्ट होतो. ‘रविवारी भरिताला या’ या निमंत्रणात पदार्थ, स्थळ आणि साधारण वेळ या तिन्ही गोष्टी गृहीत असतात.

ब्रिटिश काळातील खान्देश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खान्देश व पश्चिम खान्देश असे विभाजन झाले. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा होय. पश्चिम खान्देशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. भरीत पार्टीचा मूळ पट्टा पूर्व खान्देशात, विशेषतः तापी खोऱ्यातील जळगाव, भुसावळ, यावल व रावेर या तालुक्यांत आहे. तेथील लेवा पाटीदार समाजाच्या खाद्यपरंपरेत भरिताला मानाचे स्थान आहे. तथापि हे भोजन कोणत्याही एका समाजापुरते मर्यादित नाही. धुळे शहर, शिरपूर, शिंदखेडा व साक्री या भागांतही हिवाळ्यात भरिताचे बेत होतात.

भौगोलिक व हंगामी पार्श्वभूमी

खान्देशाचा बराचसा भाग तापी आणि तिच्या पांझरा, गिरणा, वाघूर, बोरी इत्यादी उपनद्यांच्या खोऱ्यांत मोडतो. काळी कसदार जमीन, कपाशीचे मोठे क्षेत्र, ज्वारी-बाजरी व उडीद ही धान्ये आणि विहिरींच्या पाण्यावरील भाजीपाला ही येथील शेतीची परिचित वैशिष्ट्ये आहेत. भरीत पार्टीला लागणाऱ्या बहुतेक सर्व वस्तू याच पीकपद्धतीतून मिळतात. वांगी मळ्यातून येतात, सरपण कपाशीच्या शेतातून, तर भाकरीसाठी ज्वारी व उडीद खरिपाच्या सुगीतून घरात आलेले असतात. कांद्याची पात, कोथिंबीर, हिरवी मिरची व मुळा हेही याच दिवसांत ताजे असतात.

येथील उन्हाळा अतिशय कडक आणि हिवाळा बऱ्यापैकी थंड असतो. धुळ्याचे किमान तापमान अनेक हिवाळ्यांत ८ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते, आणि राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांमध्ये धुळ्याचे नाव वारंवार येते. थंडीमुळे दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे या काळातील वांगी कोवळी, कमी बियांची व कमी कडवट असतात. तापमान वाढू लागले की फळ लवकर जून होते आणि त्यातील बी वाढते. दुसरे असे की, उघड्यावर जाळाभोवती बसणे याच दिवसांत सुखाचे होते.

धार्मिक दिनक्रमही या हंगामाशी जुळणारा आहे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात अनेक घरांत वांगी, कांदा व लसूण वर्ज्य मानतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. ज्या घरांत ही बंधने पाळली जातात, तेथे भरिताचा हंगाम चंपाषष्ठीनंतरच खऱ्या अर्थाने सुरू होतो.

भरिताचे वांगे

वांगे (शास्त्रीय नाव : सोलॅनम मेलोंजेना) ही भारतात प्राचीन काळापासून लागवडीत असलेली फळभाजी आहे. भाजीसाठी महाराष्ट्रात लहान, काटेरी, जांभळी वांगी अधिक पसंत केली जातात. खान्देशी भरिताचे वांगे याहून अगदी वेगळे असते. ते आकाराने मोठे, लांबट-गोल, फिकट हिरव्या रंगाचे व त्यावर पांढरट रेषा असलेले असते. त्याची साल पातळ, गर मऊ व बिया कमी असतात. भाजल्यावर गराला किंचित गोडसर चव येते आणि साल सहज सुटते.

जळगाव तालुक्यातील आसोदे तसेच यावल तालुक्यातील बामणोद व भालोद ही गावे या वांग्यांसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. बाजारात वांग्याची विचारपूस करताना गावाचे नाव विचारण्याची पद्धत आहे. आसोदे हे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मगाव म्हणूनही महाराष्ट्राला परिचित आहे.

‘जळगाव भरीत वांगी’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही हे मानांकन प्राप्त झाले. भारतात भौगोलिक मानांकनाची नोंदणी १९९९ च्या कायद्यानुसार होते. ही नोंदणी दहा वर्षांसाठी असून तिचे नूतनीकरण करता येते. विशिष्ट प्रदेशातील माती, हवामान व लागवडीची रीत यांमुळे ज्या मालाला वेगळा गुण येतो, त्याचे नाव इतरत्र पिकलेल्या मालाला लावता येऊ नये, हा या कायद्याचा हेतू आहे. मानांकनाने नावाचे संरक्षण होते. मात्र बियाणे टिकविण्याचे काम शेतकऱ्यांनाच करावे लागते. चांगल्या झाडावरील निवडक फळे पूर्ण पिकू देऊन त्यांचे बी पुढील वर्षासाठी राखून ठेवणे, ही त्याची जुनी पद्धत आहे. शेतकऱ्यांच्या वाणांची नोंद करण्याची सोय २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात स्वतंत्रपणे केलेली आहे.

शेंडे व फळे पोखरणारी अळी ही वांग्याच्या पिकाची प्रमुख शत्रू आहे. या अळीला प्रतिकार करणारे जनुक घातलेल्या बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीस केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. देशी वाणांची विविधता हा त्या वेळच्या सार्वजनिक चर्चेतील एक महत्त्वाचा मुद्दा होता. भरिताच्या दृष्टीने अळीचा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे, कारण हे वांगे चिरले न जाता अखंड भाजले जाते. त्यामुळे बारीक छिद्र असलेले फळ निवडतानाच बाजूला काढावे लागते. हिरवे व ताजे देठ, चकचकीत साल आणि आकाराच्या मानाने हलके वजन या चांगल्या वांग्याच्या खुणा समजल्या जातात. आकाराच्या मानाने जड वांग्यात बिया अधिक असतात, असा अनुभव आहे.

भोजनाचा दिवस

भरीत पार्टी बहुधा रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी ठरते. ज्याचे शेत असेल तो जागा व सरपण देतो. बाकीच्यांनी वर्गणी काढून किंवा वस्तू वाटून घेऊन सामान आणावयाचे असते. एका माणसामागे अर्धा किलोच्या आसपास कच्ची वांगी धरण्याचा प्रघात आहे. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. भाजताना त्यातील बरेच आटते, शिवाय साल व देठ वगळावे लागतात. म्हणून हा अंदाज वरकरणी वाटतो तितका मोठा नाही.

मंडळी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शेतावर पोहोचतात. चहा होतो, क्वचित पोहे किंवा भाजलेल्या शेंगाही असतात. पोटभर न्याहारी मात्र टाळली जाते, कारण मुख्य जेवण पुढे व्हावयाचे असते. त्यानंतर कामे वाटली जातात. काही जण जाळ पाहतात, काही लसूण सोलतात, काही पात व कोथिंबीर निवडतात. मुले विहिरीवर किंवा बांधावर रमतात. पंगत दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान बसते. काही ठिकाणी हाच बेत संध्याकाळी होतो. अशा वेळी जेवणानंतर शेकोटीभोवती गप्पा चालतात.

कृती

भाजणे

कपाशीची वेचणी संपल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या झाडांना पऱ्हाट्या म्हणतात. भरितासाठी हेच सरपण उत्तम मानले जाते. या काड्या चटकन पेट घेतात, त्यांचा जाळ मोठा व सर्व बाजूंनी लागणारा असतो, आणि त्यांच्या धुराचा वास गरात उतरतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा प्रसार रोखण्यासाठी हंगाम वेळेवर संपवून पऱ्हाट्या शेतातून काढाव्यात, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. त्यामुळे भरिताच्या हंगामात हे सरपण हाताशी असते.

मोकळ्या जागेत काड्यांचा थर पसरून त्यावर वांगी मांडतात, वर पुन्हा काड्या घालतात आणि जाळ करतात. भाजण्यापूर्वी वांग्याला सुरीने किंवा टोकदार काडीने दोन-चार ठिकाणी टोचतात; अन्यथा आत कोंडलेल्या वाफेने फळ फुटण्याचा संभव असतो. देठ काढीत नाहीत, कारण पुढे सोलताना तो धरण्यास उपयोगी पडतो. वांगी लांब काठीने फिरवीत राहावी लागतात. आकारानुसार १५ ते २० मिनिटांत साल काळी पडून सुरकुतते आणि फळ दाबल्यावर आत मऊ लागते. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, म्हणून जाणकार तेथेच दाबून पाहतात.

या पद्धतीत साल करपते, पण गर करपत नाही. बाहेरच्या तीव्र उष्णतेने आतील पाण्याची वाफ होते व गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. सालीचे आवरण असल्याने ही वाफ काही काळ आत राहते. मंद आचेवर वांगे ठेवल्यास पाणी हळूहळू निघून जाते, गर चिवट होतो आणि धुराचा वास लागत नाही. गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या भरिताची चव निराळी लागते, ती यामुळेच.

सोलणे व ठेचणे

भाजलेली वांगी परातीत काढून गरम असतानाच सोलतात. बोटे पोळू नयेत म्हणून हात पाण्यात बुडवून घेतात. पण वांगी पाण्याखाली धुणे वर्ज्य मानले जाते, कारण त्यामुळे धुराचा वास व रस दोन्ही जातात. सोललेले प्रत्येक वांगे उघडून आतून तपासले जाते. नंतर गर लाकडी खोलगट भांड्यात घालून लाकडी मुसळीने ठेचतात. गराचे अगदी गुळगुळीत मिश्रण होऊ देत नाहीत. घासात त्याचे धागे लागावेत, अशी अपेक्षा असते. यंत्रात वाटलेला गर म्हणूनच पसंत केला जात नाही.

फोडणी

पातेल्यात तेल तापवून त्यात जिरे, ठेचलेला लसूण व ठेचलेली हिरवी मिरची घालतात. शेंगदाणे व सुक्या खोबऱ्याचे काप तेलात परतून घेतात. त्यावर बारीक चिरलेली कांद्याची पात, मग ठेचलेला गर, मीठ आणि शेवटी भरपूर कोथिंबीर घालून सर्व एकजीव करतात. खान्देशी भरितात टोमॅटो किंवा गरम मसाला घालीत नाहीत आणि हळदही बहुधा वगळतात. त्यामुळे पदार्थाचा रंग हिरवट-पांढरा राहतो. उत्तर भारतातील टोमॅटो-कांद्याच्या लालसर भरत्यापासून तसेच दही घालून केलेल्या महाराष्ट्रातील अन्य भरितापासून ते पाहताक्षणी वेगळे ओळखू येते. तिखटपणा संपूर्णपणे हिरव्या मिरचीचा असतो.

सोबतचे पदार्थ

भरिताबरोबर कळण्याची भाकरी हा खान्देशातील सर्वांत रूढ जोड आहे. ज्वारीत सालीसकट उडीद व मीठ मिसळून दळलेल्या पिठाला कळणा म्हणतात. काही घरांत ज्वारीऐवजी बाजरी घेतात. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरीला करडा रंग व खमंग वास येतो, आणि तृणधान्य व कडधान्य यांचा मेळ बसल्याने ती अधिक पौष्टिक ठरते. कळण्याच्या किंवा गव्हाच्या पुऱ्याही करतात. मोठ्या पंगतीसाठी ‘भरीत-पुरी’ हाच बेत सोयीचा पडतो, कारण पुऱ्या लवकर व मोठ्या संख्येने तळता येतात.

याखेरीज कच्चा कांदा, मुळा, लिंबू, दही किंवा ताक, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे पानात असते. पक्वान्नाचा आग्रह नसतो; असलाच तर गूळ किंवा जिलेबी एवढ्यावर भागते. वरण-बट्टी व घोटलेली वांग्याची भाजी हा खान्देशातील दुसरा प्रसिद्ध सामुदायिक बेत असून तो लग्नकार्यांत व भंडाऱ्यांत अधिक दिसतो.

सामाजिक स्वरूप

घरातील रोजचा स्वयंपाक परंपरेने स्त्रियांकडे असला, तरी भरीत पार्टीत जाळ, भाजणे, ठेचणे व फोडणी ही कामे बहुधा पुरुष करतात. पूर्वी अशा भोजनांना पुरुषांचीच संख्या अधिक असे. त्याच वेळी भाकरी-पुऱ्या मात्र घरून स्त्रियांनी करून पाठवाव्यात, अशी विभागणी होती. म्हणजे मळ्यावरील मौजेमागे घरातील चुलीचे काम होतेच. ते पंगतीत दिसत नसे, इतकेच. आता कुटुंबांसह होणारी भोजने, महिला मंडळांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या भरीत पार्ट्या सर्रास होतात. भाकरी-पुऱ्यांचे काम अनेकदा बचत गटांना किंवा व्यावसायिक स्वयंपाकी मंडळींना मोबदला देऊन सोपविले जाते.

शेतावर वर्षाच्या करारावर काम करणाऱ्या मजुरास खान्देशात सालदार म्हणतात. सरपण गोळा करणे व जाळ सांभाळणे यांत त्याचा अनुभव मोलाचा असतो. त्याने व त्याच्या कुटुंबाने त्याच पंगतीत जेवावे, ही चांगल्या यजमानाची रीत समजली जाते.

भरिताच्या निमित्ताने गावातील व शहरातील माणसे एकत्र येतात. नोकरीसाठी पुणे, मुंबई, नाशिक, सुरत येथे गेलेली मंडळी हिवाळ्यात गावी येतात, तेव्हा त्यांच्यासाठी भरीत ठरवले जाते. परगावी राहणाऱ्या खान्देशी लोकांची मंडळेही तेथे भरिताचे मेळावे भरवतात आणि त्यासाठी वांगी खास जळगावहून मागवतात. राजकीय, सहकारी व शैक्षणिक संस्थांमध्येही हे भोजन लोकसंपर्काचे साधन बनले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये पाककर्ते विष्णू मनोहर यांनी जळगाव येथे एकाच वेळी सुमारे अडीच हजार किलो भरीत जाहीरपणे तयार केले. त्या उपक्रमामुळे या पदार्थाची राज्यभर चर्चा झाली.

शहरातील रूप

शेत नसलेल्या व वेळेची अडचण असलेल्या शहरवासीयांसाठी जळगाव, भुसावळ, धुळे आदी शहरांत हंगामी भरीत केंद्रे सुरू झाली. तेथे काड्यांवर वांगी भाजून तयार केलेले भरीत किलोच्या भावाने मिळते; सोबत कळण्याच्या पुऱ्या व ठेचाही विकला जातो. काही ठिकाणी गिऱ्हाइकाने आणलेली वांगी भाजून व ठेचून देण्याची सोय असते. कार्यालयातील मंडळी दुपारच्या जेवणासाठी किंवा घरगुती समारंभासाठी येथूनच भरीत नेतात.

धुळे शहराजवळ मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस मिळतात. या मार्गांवरील ढाबे व खान्देशी भोजनालये शेवभाजीसाठी प्रसिद्ध असून हिवाळ्यात त्यांच्या फलकांवर भरीत व कळण्याची भाकरी हमखास दिसते. रविवारी उशिरा उठून मित्रांसमवेत अशा ठिकाणी जाणे आणि न्याहारी व दुपारचे जेवण एकदमच उरकणे, हा तरुण वर्गात रुळलेला प्रकार आहे.

अशा उशिराच्या न्याहारीला इंग्रजीत ‘ब्रंच’ म्हणतात. ‘ब्रेकफास्ट’ व ‘लंच’ या दोन शब्दांच्या जोडातून बनलेल्या या शब्दाचा पुरस्कार गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये ‘हंटर्स वीकली’ या नियतकालिकातील लेखात केला. रविवारच्या जड जेवणाऐवजी दुपारच्या सुमारास हलका व गप्पांना वाव देणारा आहार घ्यावा, असे त्याचे प्रतिपादन होते. भारतातील मोठ्या शहरांत ही पद्धत प्रथम तारांकित हॉटेलांतून व नंतर उपाहारगृहांतून पसरली. वेळ, सुट्टीचा दिवस, मित्रांची सोबत आणि सैलपणे चालणाऱ्या गप्पा या बाबतींत शेतावरील भरीत पार्टी व शहरी ब्रंच यांत साम्य आहे. दोहोंतील मुख्य भेद कामाचा आहे. उपाहारगृहात पदार्थ तयार होऊन समोर येतो आणि ज्याने तो केला, त्याची गाठही पडत नाही. शेतावर जेवणारेच भाजणारे व ठेचणारे असतात, आणि भोजनाचा निम्मा वेळ याच कामात जातो.

अन्य प्रांतांतील समान प्रथा

हंगामी पिकाभोवती शेतातच होणारी भोजने महाराष्ट्रात अन्यत्रही आढळतात. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे व मराठवाडा या भागांत ज्वारीची कोवळी कणसे भाजून खाण्याची हुरडा पार्टी हिवाळ्यात होते. रायगड जिल्ह्यात, विशेषतः अलिबाग परिसरात, वालाच्या शेंगा व इतर जिन्नस भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून जाळात शिजवतात. तिला पोपटी म्हणतात. खान्देशाला लागून असलेल्या दक्षिण गुजरातेत हिवाळ्यात पोंक व उंबाडियू यांचे बेत होतात. नाशिक परिसरात सुट्टीच्या सकाळी शहराबाहेरील मळ्यांमध्ये मिसळ खावयास जाण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे.

भाजलेल्या वांग्याचे पदार्थही दूरवर आढळतात. बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील लिट्टीबरोबरचा चोखा, उत्तर भारतातील भरता आणि पश्चिम आशियातील बाबा गनूश ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत.

बदल आणि प्रश्न

मागणी वाढल्याने भरीत वांग्याला शेतकऱ्यांसाठी हंगामी नगदी पिकाचे स्वरूप आले आहे. त्याबरोबर काही प्रश्नही निर्माण झाले आहेत. पहिला प्रश्न बियाण्याचा आहे. अधिक उत्पन्न देणाऱ्या संकरित वाणांचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि ते वापरात आले की घरचे बी राखण्याची सवय सुटते. शिवाय वांग्यात मधमाश्यांमार्फत काही प्रमाणात परपरागीभवन होत असल्याने जवळच्या शेतात निराळा वाण असल्यास देशी बियाण्याची शुद्धता कमी होऊ शकते. हे वांगे नाहीसे झाल्यास मानांकनाचे नाव कागदावर राहील, पण त्यामागचा गुण राहणार नाही.

दुसरा प्रश्न सरपणाचा आहे. पऱ्हाट्यांचा भुगा करून त्या जमिनीत गाडणे किंवा त्यांपासून इंधनाच्या विटा बनविणे हे उपाय आता सुचविले जातात व काही ठिकाणी अमलातही येत आहेत. जमिनीचा कस आणि हवेचे प्रदूषण या दृष्टीने ते हितावह आहेत. भरितासाठी लागणाऱ्या काड्या एकूण प्रमाणात अल्प असल्याने दोन्ही गोष्टींचा मेळ घालणे अवघड नाही. मात्र कीटकनाशकांच्या फवारणीचा विचार करून हंगाम संपल्यावर काही काळ उन्हात वाळलेल्या काड्याच वापरणे श्रेयस्कर ठरते.

तिसरा प्रश्न जागेचा आहे. जळगाव, धुळे व भुसावळ या शहरांलगतच्या अनेक शेतांवर वसाहती उभ्या राहिल्या आहेत. ज्या घरांत एका पिढीपूर्वी शेत होते, तेथे आज भरिताचा बेत दुसऱ्याच्या मळ्यावर अथवा भरीत केंद्रातून आणलेल्या डब्यावर अवलंबून असतो. केंद्रे व उपाहारगृहे यांनी पदार्थाची चव बऱ्याच अंशी टिकवली, शेतकऱ्याला बाजार मिळवून दिला आणि ज्यांना शेतावर जाणे शक्य नाही अशा वृद्धांपर्यंत व नोकरदारांपर्यंत भरीत पोहोचवले. चांगले वांगे कसे निवडावे, जाळ केव्हा आवरावा, देठाजवळ दाबून का पाहावे हे ज्ञान मात्र लिखित स्वरूपात फारसे नाही. ते आजवर जाळाभोवती बसलेल्या वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे आले आहे, आणि त्याचे पुढे जाणे शेतावरील भोजने चालू राहण्यावर अवलंबून आहे. काही शाळा हिवाळी सहलीत किंवा क्षेत्रभेटीत भरिताचा समावेश करतात. वाण, माती, हवामान आणि आहार यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांना एकाच ठिकाणी दाखविण्यास हा प्रसंग उपयुक्त ठरतो.

हेही पहा

खान्देश
वांगे
कळण्याची भाकरी
वरण-बट्टी
शेवभाजी
हुरडा
पोपटी
चंपाषष्ठी
भौगोलिक मानांकन
बहिणाबाई चौधरी